गडचिरोलीतली हलवलेली मतदान केंद्रे मूळ गावी परत न्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा, म्हणजे वरिष्ठ नेतृत्व मंडळाचा, सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. तेव्हापासून जिल्ह्यात लोकशाही रुजली, अशा अर्थाचे बरेच लिहिले-बोलले जाते आणि पुरावा म्हणून बहुतेक वेळा एकच आकडा पुढे येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. राज्याची सरासरी ६१ च्या आसपास होती. आकडा खरा आहे. मात्र बंडखोरांचा वावर असलेल्या मुलखात मत टाकायला माणसाला किती चालावे लागते आणि त्याच वावरामुळे गावचा दवाखाना, शाळा, रेशन आणि ग्रामपंचायत यांची काय गत झाली, हे त्या आकड्यात दिसत नाही. बंदुकीच्या भीतीपायी प्रशासनाने चाळीस वर्षांत अनेक तात्पुरत्या सोयी केल्या. बंदूक गेली म्हणून त्या आपोआप मोडत नाहीत, एकेक करून मोडाव्या लागतात. सुरक्षेच्या कारणाने दुसऱ्या गावी हलवलेली मतदान केंद्रे ही त्यांतलीच एक. या सोयी कशा मोडायच्या, यासाठी हे पत्र.

आधी ‘माओवाद्यांचा ताबा’ या शब्दप्रयोगाविषयी. नकाशावर लाल रंग भरला की वाटते, तेवढ्या भागात सरकार नाहीच. पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली दलमे (सशस्त्र तुकड्या) सिरोंचा भागात आली १९८० मध्ये आणि गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आतल्या गावांनी दलम आधी पाहिले, गडचिरोलीचे जिल्हाधिकारी नंतर. पुढे तीन तऱ्हेची गावे झाली. सीमेपलीकडच्या, छत्तीसगडातल्या अबुझमाडात माओवाद्यांचे स्वतःचे ‘जनताना सरकार’ होते; शेती, आरोग्य, न्याय, संरक्षण अशा त्याच्या समित्या होत्या, आणि भारत सरकारची महसुली मोजणीसुद्धा तिथे झालेली नव्हती. अबुझमाडाला खेटून असलेल्या भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात दिवसा ग्रामसेवक आणि रात्री दादालोक, म्हणजे नक्षलवादी, असा दुहेरी कारभार चाले. कोरची, कुरखेडा, धानोऱ्याच्या जंगलालगत बंदूक क्वचित दिसे, पण धमकीची चिठ्ठी येई आणि तेंदूच्या किंवा रस्त्याच्या ठेकेदाराला हिस्सा पोचवावा लागे. या तिन्ही ठिकाणी सेवा वेगवेगळ्या रीतीने अडल्या. म्हणून ‘नक्षलग्रस्त तालुका’ असा एकच शिक्का मारून आखलेला उपाय कुठेच नीट बसत नाही.

माओवाद्यांनी सेवा सरसकट अडवल्या नाहीत, निवडून अडवल्या. शिक्षक, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका यांना साधारणपणे जाऊ दिले. डांबर, सिमेंट, तार आणि टॉवर यांना नाही. एका माणसाच्या झोळीत मावेल ती सेवा पोचली. यंत्र आणि ठेकेदार लागतो ती अडकली. २३ डिसेंबर २०१६ रोजी सुरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगरावर सुमारे ८० वाहने जाळली गेली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. यंत्र जळाले की तो ठेकेदार पुढच्या निविदेला येत नाही. दुसरा येतो तो धोक्याची किंमत दरात धरून येतो. दर अंदाजपत्रकाच्या वर जातो, मंजुरी मिळत नाही, फेरनिविदा निघते, तोवर मृग लागतो आणि वर्ष वाया जाते. असे पाच-सहा वेळा झाले की रस्ता कागदावर ‘प्रगतिपथावर’ राहतो.

झोळीतली सेवासुद्धा शेवटी रस्त्यावरच अडते. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. बर्फाचे पॅक घातलेला लसवाहक डबा घेऊन परिचारिका सकाळी उपकेंद्रातून निघाली की तिला त्याच दिवशी परतायचे असते. नाल्याला पाणी आले तर डबा परत फिरतो आणि त्या टोल्याचा, म्हणजे वस्तीचा, लसीचा महिना चुकतो. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार या जिल्ह्यावर आहे. फाल्सिपेरम जातीचा ताप आरडी किटवर, म्हणजे रक्ताच्या थेंबाच्या झटपट चाचणीवर, पंधरा-वीस मिनिटांत कळतो आणि गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स आशाच्या पेटीत असतो, म्हणून पुष्कळ जीव गावातच वाचतात. पण ताप मेंदूत गेलेल्या लेकराला सलाइन आणि दवाखाना लागतो. भामरागडला पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की शंभराहून अधिक गावांचा संबंध तुटतो, हे दर पावसाळ्यात वाचकांनी वाचले असेल. बाळंतपणाला आलेल्या बाईने आधीच येऊन राहावे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून ‘माहेरघर’ काढले, ती कल्पना चांगली आहे. तरी घरची गुरे आणि धाकटी पोरे सोडून पंधरा दिवस आधी येणे प्रत्येकीला जमत नाही आणि शेवटी खाटेची कावड करूनच तिला आणावे लागते.

रेशनचे तसेच. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना नवसंजीवन योजनेत जून ते सप्टेंबरचे धान्य मे अखेरपर्यंत पोचवतात. ही व्यवस्था बरीच वर्षे नीट चालली, कारण ती कागदी यादीवर चाले. अंगठ्याचे यंत्र आले आणि नवी अडचण उभी राहिली. यंत्राला नेटवर्क लागते, नेटवर्कला टॉवर लागतो, आणि टॉवर म्हणजे माओवाद्यांचे ठरलेले लक्ष्य. म्हणून टॉवर उभे राहिले पोलीस मदत केंद्राच्या, म्हणजे सशस्त्र पोलीस चौकीच्या, आवारात. रेंजही तिथेच, त्यामुळे पेन्शन, मजुरी, दाखला या साऱ्यांसाठी माणूस पोलीस मदत केंद्राकडे चालू लागला.

हा मुद्दा नाजूक आहे, पण तो बोलला पाहिजे. गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ काढून जातीच्या दाखल्यापासून रोजगार मेळाव्यापर्यंत अनेक कामे पोलीस मदत केंद्रातून सुरू केली. दुसरे कुणी जात नव्हते तेव्हा ते गेले आणि लोकांची कामे झाली, याचे श्रेय त्यांना आहेच. पण दाखला घ्यायला बंदुकीच्या फाटकातून आत जाणारा माणूस दुसऱ्या बाजूच्या नजरेत ‘खबऱ्या’ ठरत होता आणि त्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. २००३ पासूनच्या गावबंदी योजनेतही हाच पेच आहे. गावाने नक्षलवाद्यांना बंदी करणारा ठराव घेतला की विकासनिधी मिळतो, म्हणजे हक्काचा निधी मिळण्याआधी गावाला बाजू जाहीर करावी लागते. पाण्याची टाकी मिळवायला जिवाची जोखीम घ्यावी लागू नये. आता धोका ओसरला आहे तर खिडकीवरची कामे ग्रामपंचायतीत आणि आपले सरकार केंद्रात न्यावीत. मदत केंद्राने पोलिसांचे काम करावे.

शाळांच्या इमारतींचा मतदानाशी थेट संबंध आहे. आतल्या गावात पक्की इमारत बहुधा एकच, ती शाळेची. गस्तीवरच्या दलाने रात्र काढली तीही तिथे आणि मतदान केंद्र झाले तेही तिथेच. माओवाद्यांनी छत्तीसगडात शाळा उडवल्या तेव्हा त्यांनी कारण हेच दिले की दले तिथे तळ ठोकतात. सुरक्षा दलांनी शाळा रिकाम्या कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये छत्तीसगड सरकारला द्यावा लागला. सुकमा, बिजापूर, दंतेवाड्यात मग बांबूच्या निवासी ‘पोर्टा केबिन’ शाळा निघाल्या. पोरे शिकली, पण घरापासून लांब राहून. एका दिवसाच्या मतदानासाठी वर्षभराची शाळा निशाणा बनू नये, म्हणून अशा गावांत केंद्रासाठी ग्रामपंचायत भवन किंवा समाजमंदिर असावे, नसेल तर मंडप चालेल. मंडपाला व्हीव्हीपॅटवर, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रावर, थेट ऊन पडणार नाही एवढी आडोशाची काळजी पुरते.

आता प्रत्यक्ष मतदान. शहरातल्या वाचकाला मतदानाचा दिवस म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढे ठाऊक असते. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत २०२४ च्या लोकसभेला आणि विधानसभेलाही मतदान सात ते तीन होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५६ नुसार मतदानाची वेळ आठ तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही. सात ते तीन म्हणजे बरोबर आठ तास. कायद्याने परवानगी दिलेली ही किमान वेळ गडचिरोलीच्या मतदाराला वर्षानुवर्षे मिळते आहे. तीनची वेळ मतदान घेणाऱ्या पथकासाठी ठरवली आहे. तीनला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटायच्या, त्यांची मते घ्यायची, मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचे क्लोज बटण दाबायचे, पडलेल्या मतांची नोंद करणारा नमुना १७ सी भरायचा, यंत्रे सील करायची आणि अंधार पडायच्या आत तळावर पोचायचे. नोव्हेंबरात साडेपाचला दिवस मावळतो.

पथकात केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी असतात. ते एक-दोन दिवस आधीच हेलिकॉप्टरने किंवा गाडीने बेस कॅम्पवर, म्हणजे बहुधा पोलीस मदत केंद्रावर पोचतात. तिथून पुढे गाडी नाही, कारण गाडीच्या वाटेवर सुरुंगाची भीती. सी-६० या जिल्हा पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाच्या किंवा केंद्रीय दलाच्या जवानांच्या मधे चालत, वाट सोडून, यंत्रे खांद्यावर घेऊन केंद्र गाठायचे. परतताना आलेली वाट धरायची नाही. सर्वांत जास्त धोका या परतीच्या वेळेतच असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये बिजापूर जिल्ह्यात पिडियाहून मतदान पथक आणणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन हवाई दलाचा एक जवान मारला गेला. २००९ मध्ये विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. ११ एप्रिल २०१९ ला एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या केंद्राजवळ स्फोट झाला, आणि त्याच निवडणुकीत गर्देवाडा भागातल्या काही केंद्रांवर पथक पोचूच न शकल्याने मतदान नंतरच्या तारखेला घ्यावे लागले. हा इतिहास पाहता केंद्र हलवण्याचा किंवा वेळ कमी करण्याचा निर्णय ज्या अधिकाऱ्यांनी घेतला त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर पथकातल्या शिक्षकांचे आणि तलाठ्यांचे जीव होते.

पण त्या निर्णयाचा भार मतदाराने कसा उचलला, तेही पाहावे. आयोगाचा सर्वसाधारण दंडक असा की मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावे लागू नये. केंद्र ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ मदत केंद्राच्या गावी हलले की हे अंतर आठ, दहा, बारा किलोमीटर होते. जंगलातली, नाल्यांची पायवाट धरली तर बारा किलोमीटरला तीन तास, काखेत पोर असेल तर चार. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. तीन वाजता केंद्र बंद होणार म्हणजे पहाटे निघायचे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मतदान आले तर नेमकी ती वेळ मोहफुले वेचायची असते. फूल पहाटे पडते आणि ऊन चढायच्या आत वेचले नाही तर गुरे-हरणे खातात. नोव्हेंबरात धान कापणीला आलेला असतो. शिवाय जानेवारी ते एप्रिल कित्येक घरे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. यादीत नाव आहे, माणूस गावात नाही. अशा गैरहजेरीला ‘नक्षल्यांच्या बहिष्काराला प्रतिसाद’ म्हणणे चूक आहे, आणि हजेरीला ‘बहिष्कार झुगारला’ म्हणणेही दर वेळी बरोबर नसते.

यंत्र बिघडले तर काय होते, तेही सांगायला हवे. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान असते, किमान पन्नास मतांचे, म्हणजे पथक साडेपाचला कामाला लागलेले असते. मतदान चालू असताना केवळ व्हीव्हीपॅट बंद पडले तर तेवढेच बदलतात. कंट्रोल युनिट किंवा बॅलेट युनिट गेले तर संपूर्ण संच बदलून पुन्हा थोडे अभिरूप मतदान घ्यावे लागते. नागपुरात राखीव संच गाडीने अर्ध्या तासात येतो. इथे राखीव संच क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे बेस कॅम्पवर असतो आणि तो जवानांच्या बंदोबस्तात पायीच आणावा लागतो. आठ तासांतले दोन तास असे गेले तर एक चतुर्थांश मतदान गेले. उपाय अवघड नाही. पायी जाण्याच्या प्रत्येक केंद्रावर पथकाबरोबरच एक राखीव व्हीव्हीपॅट आणि एक राखीव संच द्यावा. वजन वाढते, दोन माणसे जास्त लागतात, एवढाच खर्च.

आणखी एक उणीव कुणाच्या लक्षात येत नाही. आतल्या केंद्रांवर उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी बहुधा नसतात, कारण पक्षाचा माणूस म्हणून ओळख होणे हीच जोखीम. प्रतिनिधी हजर असेल तर केंद्राध्यक्षाला नमुना १७ सी ची प्रत त्याला द्यावी लागते. तो नसेल तर त्या केंद्रावर किती मते पडली याची सरकारी नोंदीखेरीज दुसरी नोंद कुठेच राहत नाही. गैरप्रकार होतात असा आमचा आरोप नाही, पण झालाच तर पकडायला हातात कागद नाही. या केंद्रांचा १७ सी त्याच रात्री जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायला काहीच हरकत नसावी.

बोटाची शाई आणि केंद्रनिहाय मोजणी या दोन गोष्टी मैदानी भागात निरुपद्रवी असतात, बंडखोरांच्या मुलखात त्याच मतदाराला उघडे पाडतात. १९६१ च्या नियमांतल्या नियम ३७ प्रमाणे डाव्या तर्जनीला शाई लावणे बंधनकारक आहे आणि ती कित्येक दिवस जात नाही. बस्तरमध्ये मतदारांनी ‘मत देतो, पण शाई लावू नका’ असे प्रशासनाला सांगितल्याचे प्रसंग आहेत, कारण बोट पाहून शिक्षा देण्याच्या धमक्या होत्या. मतदान यंत्र आल्यापासून निकालाच्या नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राची मते वेगळी दिसतात. दोनशे मतदारांच्या केंद्रावर अकरा मते पडली तर ते अकरा कोण, हे गावाला शोधायला वेळ लागत नाही. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मान्य केले नाही. सगळ्या देशात नको असेल तर निदान संवेदनशील क्षेत्रांत तरी ते आणावे, ही मागणी आजही योग्य आहे. उद्या गावात केंद्र परत नेले आणि गाव लहान असले, तर ही गरज वाढणारच.

आता टक्केवारीचा हिशेब. समजा, चार गावांचे मिळून एक केंद्र आहे आणि ते ‘क’ गावी हलवले. ‘क’ मध्ये ४०० मतदार, त्यांपैकी ३४० नी मत दिले. उरलेल्या तीन गावांत मिळून ६०० मतदार, त्यांपैकी ६० आले. केंद्राची टक्केवारी ४० निघते. कागदावर ‘कमी, पण बरे’. खरे पाहता एका गावात ८५ टक्के आणि तीन गावांत १० टक्के मतदान झाले आहे. हा आकडा कल्पित आहे, गणित मात्र असेच चालते. पुढे असे केंद्र लोकसभा मतदारसंघाच्या सरासरीत जाते, जिथे चिमूर, ब्रह्मपुरीसारखे मोकळे तालुके आहेत, आणि ७२ टक्क्यांत नाहीसे होते. शेजारच्या बिजापूरचे उलटे पाहा. तिथल्या विधानसभा क्षेत्रात २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळी निम्म्यापेक्षा कमी मतदान झाले, तेव्हा छत्तीसगडची सरासरी ७६ टक्क्यांच्या घरात होती. मतदारसंघाचा बहुतांश भाग एकाच अवस्थेत असल्याने तिथली स्थिती आकड्यात दिसते. आपल्याकडची झाकली जाते. म्हणून मतदानाच्या टक्केवारीपेक्षा प्रत्येक टोल्यापासून केंद्रापर्यंतचे अंतर हे मोजमाप इथे जास्त खरे बोलते. ते जाहीर केले तर कुणाच्या जिवाला धोकाही नाही. गावनिहाय मते जाहीर करण्यात तो आहे.

विधानसभा-लोकसभेपेक्षा जास्त नुकसान ग्रामपंचायतीत झाले. माओवाद्यांचा खरा रोख तिथेच होता, कारण गावात सरकारचा माणूस म्हणजे सरपंच आणि पोलीस पाटील. २०१२ च्या सुमारास धमक्यांमुळे जिल्ह्यात सरपंच-सदस्यांचे सामूहिक राजीनामे झाले. पुढे कित्येक ठिकाणी अर्जच आले नाहीत. काही ठिकाणी ‘अविरोध’ निवड झाली ती गावाच्या एकमताने की चिठ्ठीने, हे बाहेरून कळत नसे. निवडून आलेला सरपंच जीव वाचवायला तालुक्याला राहायला जाई. मग त्याच्या सहीसाठी माणसाने तालुका गाठायचा.

या रिकाम्या खुर्चीचा पैशाशी थेट संबंध आहे. वित्त आयोगाचा निधी रीतसर निवडून आलेल्या पंचायतीलाच मिळतो, आणि तो खर्चायला ऑनलाइन प्रणालीत सरपंच व ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. अर्ज नाही म्हणून सदस्य नाही, सदस्य नाही म्हणून गणपूर्ती नाही, सरपंच नाही म्हणून सही नाही, आणि सही नाही म्हणून हातपंपाच्या दुरुस्तीचे बिल नाही. प्रशासक नेमला तरी एका विस्तार अधिकाऱ्याकडे पाच-सात पंचायती. हातपंपाचा वॉशर बदलायला सहा महिने लागतात ते यामुळे. मात्र प्रत्येक रिकामी जागा माओवाद्यांच्या खात्यात टाकू नये. जात वैधता प्रमाणपत्र नाही, बँक खाते नाही, ज्या प्रवर्गाला जागा राखीव त्याचे कुटुंबच प्रभागात नाही, अशा कारणांनीही जागा रिकाम्या राहतात. ही कारणे एका महिन्याच्या शिबिराने दूर होण्यासारखी आहेत. निवडणूक जाहीर होण्यापूर्वी तहसीलने गावात बसून अर्जांची कागदपत्रे पूर्ण करून घ्यावीत.

ज्या काळात पंचायत बसली नाही त्याच काळात ग्रामसभा मात्र उभी राहिली. वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना. बांबू आणि तेंदूचे लिलाव गावाने स्वतः केले. तेंदूच्या प्रमाण गोणीत ७० पानांची एक अशा हजार पुड्या असतात. त्यांचा हिशेब ठेवणारी, मजुरी आणि बोनस वाटणारी माणसे गावातच तयार झाली. माओवाद्यांनी तेंदूच्या ठेकेदारांकडून पैसा काढला हे खरे, पण ग्रामसभेची सभा त्यांनाही पूर्णपणे मोडता आली नाही, कारण तीत सगळे गाव बसलेले असे. ही हिशेब जाणणारी माणसे उद्याचे सरपंच आहेत. २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला महिनोन्‌महिने बसलेल्या ग्रामसभांनी खाणींना आणि त्यांच्यासाठीच्या रस्त्यांना विरोध केला. त्याकडे केवळ ‘नक्षली फूस’ म्हणून पाहिले तर हीच माणसे निवडणुकीच्या राजकारणापासून दूर जातील. रस्ता कुणासाठी, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

रस्ता झाला की काय होते, हेही आता दिसते आहे. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता झाला आणि १ जानेवारी २०२५ ला त्यावर पहिली एसटी धावली. याच गर्देवाड्याकडे २०१९ मध्ये मतदान पथक ठरल्या दिवशी पोचले नव्हते. वांगेतुरीला नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि गर्देवाड्याला जानेवारी २०२४ मध्ये पोलीस मदत केंद्र उघडले, पाठोपाठ डांबर आले. आता त्या वाटेवरच्या प्रत्येक लहान गावाचे केंद्र त्या गावातच असले पाहिजे. बस्तरमध्ये २०२३ च्या विधानसभेला शंभराहून अधिक नवी केंद्रे थेट गावांत उघडली. दरभा भागातल्या चांदामेटासारख्या गावाने पहिल्यांदा आपल्याच गावी मत टाकले. तिथे जमले ते इथे न जमण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये घरून मतदानाच्या सोयीखाली अहेरीहून सिरोंच्याला १०७ किलोमीटर जाऊन दोन वृद्धांची मते घेणारे प्रशासन हेच आहे आणि त्या कामाचे कौतुक आम्हाला आहे. दोन मतांसाठी जी तयारी झाली ती दोनशे मतांसाठीही होईल.

जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे आमची मागणी अशी. २००९ पासून सुरक्षेच्या कारणाने हलवलेल्या प्रत्येक केंद्राची यादी प्रसिद्ध करावी. तीत मूळ गाव, हलवलेली जागा, पायवाटेने अंतर आणि वाटेत पडणारे नाले द्यावेत. नकाशावरचे सरळ रेषेतले अंतर इथे उपयोगाचे नाही. परत नेता येणार नाही अशा केंद्रापुढे त्याचे कारण लिहावे आणि ते कारण पुढच्या निवडणुकीपर्यंतच ग्राह्य धरावे. केंद्र लांबच ठेवावे लागले तर त्या दिवशी मतदारांसाठी गाडी प्रशासनाने द्यावी. उमेदवाराने दिली तर तो गुन्हा ठरतो. सात ते तीनची वेळ अख्ख्या विधानसभा क्षेत्राला लावू नये. गडचिरोली शहरातला किंवा देसाईगंजमधला मतदार तीनला केंद्रातून परत फिरावा याला आज कोणतेच कारण उरलेले नाही. झारखंडमध्ये २०२४ च्या विधानसभेला ठरावीक केंद्रांपुरतीच वेळ चारपर्यंत ठेवली होती. तशी केंद्रनिहाय वेळ इथेही ठरवता येईल.

मतदान केंद्रांची प्रारूप यादी दर निवडणुकीआधी हरकतींसाठी प्रसिद्ध होते, पण ती तहसीलच्या फलकावर आणि संकेतस्थळावर. बिनागुंड्यासारख्या दुर्गम गावातल्या माणसाला ती दिसणार कशी? या वेळी ती भामरागड, एटापल्ली, कसनसूर, गट्टा, पेरमिली इथल्या आठवडी बाजारांत माडिया बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडून मोठ्याने वाचून दाखवावी आणि हरकत तिथल्या तिथे तोंडी नोंदवून घेऊन पोच द्यावी.

आपले,
गडचिरोली जिल्ह्यातले काही वाचक